विमा कंपनीवर केस करायचा हक्क समोरच्या पार्टीला लिहून द्यावा का?

सही लगेच करू नका, पण समोरच्या पार्टीच्या वकिलाला तोडून "नाही" पण म्हणू नका. तो जे मागतोय ते कॅलिफोर्नियात पूर्ण कायदेशीर आहे आणि नीट केलं तर तुमचं घर वाचवणारं आहे, फक्त त्याने पाठवलेला कागद त्याच्या अशिलाच्या सोयीने लिहिलाय, तुमच्या नाही.

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे पुढचं त्याला धरून वाचता येईल. तुमच्या मिस्टरांच्या गाडीची फ्रीमॉन्टमध्ये एका सायकलवाल्याला धडक बसली, चूक आपलीच होती हे ते मान्य करतात. पॉलिसी एका माणसामागे १ लाख डॉलरची. सायकलवाल्याच्या वकिलाने लेखी कळवलं होतं की १ लाख द्या, आम्ही विषय मिटवतो, कंपनीने मुदत जाऊ दिली, केस ट्रायलला गेली आणि ज्यूरीने ९ लाख ४० हजार दिले. कंपनी म्हणते आम्ही आमचे १ लाख देतो, बाकीचे ८ लाख ४० हजार तुमचे तुम्ही बघा. आता समोरचा वकील म्हणतो की कंपनीवर बॅड फेथची, म्हणजे विमाधारकाशी प्रामाणिकपणे न वागल्याची, केस करायचा तुमचा हक्क आम्हाला असाइन करा, म्हणजे लिहून द्या, आम्ही तुमच्या मागे लागणार नाही. आणि पुण्याचे तुमचे दीर, जे स्वतः वकील आहेत, ते म्हणतात की नुसता दावा लावायचा हक्क असा कुणाला देताच येत नाही, यात काहीतरी गडबड आहे.

दीर भारतापुरतं बरोबर बोलतायत. १८८२ च्या ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम ६, त्यातला ई, नुसता दावा लावायचा हक्क हस्तांतरित होत नाही हे तिथे स्पष्ट लिहिलंय. शिवाय तिकडे हा प्रसंगच सहसा येत नाही, कारण गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला रकमेची मर्यादा नसते, ट्रिब्युनलने दिलेली भरपाई साधारणपणे सगळीच्या सगळी कंपनी भरते. इथे तसं नाही. इथे पॉलिसीला लिमिट असतं आणि ते बऱ्याचदा हास्यास्पद वाटावं इतकं लहान असतं, कॅलिफोर्नियात कायद्याने सक्तीचं किमान कव्हर २०२४ संपेपर्यंत एका माणसामागे १५ हजार डॉलर होतं, १ जानेवारी २०२५ पासून ते ३० हजार झालं. हॉस्पिटलात दोन रात्री काढल्या तरी तेवढं उडतं. म्हणून लिमिटच्या वरचा निकाल हा इथला रोजचा धोका आहे आणि त्यातूनच हा सगळा कायदा उभा राहिलाय. आणि इथल्या सिव्हिल कोडचं कलम ९५४ म्हणतं की मालमत्तेच्या हक्काचा भंग झाल्यामुळे किंवा एखाद्या बांधिलकीतून जो दाव्याचा हक्क तयार होतो तो दुसऱ्याला देता येतो. म्हणजे दिरांच्या नेमकं उलट.

आता मुळात कंपनीवर केस का होते ते समजून घ्या, कारण त्यावरच तुमच्या हक्काची किंमत ठरते. पॉलिसी घेताना तुम्ही बचावाची आणि तडजोडीची सगळी सूत्रं कंपनीच्या हातात देता. समोरच्याशी काय बोलायचं, किती द्यायचे, कधी द्यायचे, हे तुम्ही ठरवू शकत नाही. मग समोरचा १ लाखात मिटवायला तयार असताना कंपनी नाही म्हणते तेव्हा कंपनीचा धोका १ लाखालाच थांबतो आणि त्याच्या वरचा सगळा धोका तुमच्या डोक्यावर येतो. त्यामुळे इथलं, म्हणजे कॅलिफोर्नियाचं, सुप्रीम कोर्ट म्हणतं की तडजोडीचा विचार करताना कंपनीने तुमचं हित निदान स्वतःच्या हिताइतकं तरी धरलं पाहिजे, आणि लिमिटच्या आतली वाजवी तडजोड गैरवाजवी कारणाने नाकारली तर वरचा सगळा निकाल कंपनीने भरायचा.

याचा पाया म्हणजे १९५८ ची कॉम्युनाले विरुद्ध ट्रेडर्स अँड जनरल ही केस. पादचारी क्रॉसिंगवर एका नवरा-बायकोला ट्रकची धडक बसली. चालवणाऱ्याची कंपनी म्हणाली ट्रक त्याच्या मालकीचा नाही, आम्ही बचाव करणार नाही. खटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या वकिलाने कंपनीला कळवलं की समोरचे ४ हजार डॉलरवर मिटवायला तयार आहेत, माझ्या अशिलाकडे तेवढे पैसे नाहीत, तुम्ही द्या. कंपनी हलली नाही. निकाल आला नवऱ्याला २५ हजार आणि बायकोला १,२५०, लिमिट होतं एका माणसामागे १० हजार. त्या ड्रायव्हरने आपला हक्क कॉम्युनालेंना लिहून दिला, त्यांनी कंपनीवर वरच्या रकमेची केस केली आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क असाइन होतो आणि कंपनीने लिमिटच्या वरची रक्कमही द्यायची. म्हणजे तुम्हाला आज जे सुचवलंय ते इथे साठहून जास्त वर्षं चालत आलेलं आहे.

पण तुमच्या केसच्या जास्त जवळची १९६७ ची क्रिशी विरुद्ध सिक्युरिटी इन्शुरन्स आहे आणि ती मी प्रत्येक अशिलाला सांगते. सत्तरीची, दुसऱ्या देशातून आलेली एक विधवा बाई, तिच्या भाड्याच्या घराच्या जिन्याची पायरी मोडली आणि भाडेकरू बाई खाली अडकून लोंबकळली, शरीराला मार कमी पण मनावर जबरदस्त परिणाम झाला. पॉलिसी १० हजारांची. भाडेकरूची बाजू आधी १० हजारांना आणि मग ९ हजारांना तयार होती, आणि क्रिशीबाई स्वतःच्या खिशातून २,५०० घालते म्हणाल्या! कंपनी ३ हजारांच्या पुढे गेली नाही. आणि कंपनीच्या माणसाला आणि वकिलाला दोघांनाही माहीत होतं की ज्यूरीने मानसिक आजाराची बाजू मानली तर निकाल १ लाखाच्या खाली येणार नाही. निकाल आला १ लाख १ हजार. कंपनीने आपले १० हजार भरले. बाईंनी पुढे तडजोड केली, २२ हजार रोख, एका मालमत्तेतला हिस्सा, आणि कंपनीवरचा दावा समोरच्यांना असाइन. बाई कंगाल झाल्या, तब्येत गेली, आत्महत्येचा प्रयत्न केला. शेवटी कोर्टाने वरचे ९१ हजार तर दिलेच, वर बाईंच्या मानसिक त्रासाचे वेगळे २५ हजार दिले.

ते २५ हजार लक्षात ठेवा, कारण तुमच्या कागदात सगळ्यात मोठी गडबड तिथेच आहे. १९७६ च्या मर्फी विरुद्ध ऑलस्टेट मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, जखमी माणूस स्वतःहून कंपनीवर या कारणासाठी केस करू शकत नाही, तडजोड करायची जबाबदारी कंपनीची तुमच्याशी आहे, त्याच्याशी नाही, म्हणून त्याला तुमची सही लागते. (निकालानंतर लिमिटपुरते पैसे तो इन्शुरन्स कोडच्या ११५८० कलमाने थेट मागू शकतो, पण वरचे ८ लाख ४० हजार तुमच्या सहीशिवाय नाही.) दुसरं, तुमचा मानसिक त्रास आणि कंपनीला शिक्षा म्हणून मिळणारी पनिटिव्ह नुकसानभरपाई हे तुमचं वैयक्तिक आहे, ते असाइन होतच नाही. आणि तुम्ही लिहिलंय त्या मसुद्यात "सर्व हक्क, सर्व प्रकारची नुकसानभरपाई" असं आहे. ते बदलून घ्या, वैयक्तिक नुकसानभरपाई आम्ही आमच्याकडे ठेवतोय असं स्पष्ट वाक्य पाहिजे. दावा मात्र एकच धरला जातो त्यामुळे दोन्ही भाग एकाच केसमध्ये एकत्र लावावे लागतात, तुम्ही आणि सायकलवाला दोघं मिळून वादी. हे ऐकायला विचित्र वाटतं, कालपर्यंत ज्याच्या विरुद्ध कोर्टात बसलो त्याच्याच बाजूला बसायचं, पण तुमच्या मिस्टरांना त्या माणसाबद्दल जे वाईट वाटतंय ते मी समजू शकते आणि खरं सांगते, या व्यवस्थेत त्यांच्या हातून त्या माणसाचं थोडं भलंच होतं.

आता कागदात काय पाहिजे. तुम्हाला वाटेल की त्याने आपल्याला पूर्ण माफ करावं, रिलीज द्यावा. तसं नका मागू! निकालाची रक्कम पूर्ण माफ झाली तर कंपनी कोर्टात म्हणते की या लोकांवर आता देणंच नाही, मग नुकसान कसलं, आणि केस पडते. म्हणून इथे कव्हेनंट नॉट टू एक्झिक्यूट घेतात, म्हणजे निकाल कागदावर तसाच उभा राहतो पण त्याची वसुली तुमच्याकडून कधीच करणार नाही असं वचन. हे वचन बिनशर्त पाहिजे. बरेच मसुदे असे असतात की कंपनीवरची केस हरलो तर वचन संपलं, किंवा केस चालू आहे तोपर्यंतच वसुली थांबवू. तसल्या कागदावर सही करायची तर न केलेली बरी, कारण तुमची एकमेव मौल्यवान वस्तू तुम्ही देऊन बसता आणि डोक्यावरची तलवार तशीच.

वचनात तुमचं नाव पण घाला, नुसतं मिस्टरांचं नाही. निकाल त्यांच्या एकट्यावर असला तरी कॅलिफोर्नियात लग्नानंतर कमावलेलं दोघांचं धरतात, तुमचा पगार आणि घर त्यात येतं. निकालाची नोंद काउंटीच्या रेकॉर्डला करून घरावर लीन, म्हणजे बोजा, टाकलं असेल तर ते कधी काढणार तेही तारखेसकट लिहून घ्या. तुम्ही सहकार्य करणार म्हणजे खरं काय झालं ते सांगणार आणि कागदपत्रं देणार, एवढंच. केस जिंकूच अशी हमी तुम्ही देत नाही, खर्च तुमच्यावर येणार नाही, हेही लिहा. खर्चावरून एक सांगते, पॉलिसीचे अडकवलेले पैसे सोडवायला जी वकिलाची फी लागते ती कंपनीकडून मागता येते, त्याला इथे ब्रँट फी म्हणतात, आणि ती असाइन करून घेणाऱ्यालाही मिळते असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एसेक्स विरुद्ध फाइव्ह स्टार डाय हाउस या केसमध्ये सांगितलंय. म्हणजे समोरच्या वकिलाला तुमच्याकडून खर्च मागायचं फारसं कारण उरत नाही.

तुम्ही विचारलंय की पॉलिसीत "कंपनीच्या परवानगीशिवाय काही हस्तांतरित करता येणार नाही" असं कलम आहे, त्याचं काय. काळजी सोडा. नुकसान होऊन गेल्यावर क्लेम दुसऱ्याला देण्यावर आधीच घातलेली बंदी चालत नाही असं इन्शुरन्स कोडचं कलम ५२० सांगतं, त्याचं मूळ १८७२ पर्यंत जातं, आणि लायबिलिटी पॉलिसीला पण ते लागू आहे हे फ्लोअर कॉर्पोरेशनच्या केसमध्ये २०१५ साली सुप्रीम कोर्टाने पक्कं केलं.

तुमची वेळ चांगली आहे हेही सांगते, म्हणजे निकाल लागल्यानंतर हा विषय आलाय. निकालाआधीच दोन्ही बाजूंनी आपापसात आकडा ठरवून निकाल लिहून घेतला आणि हक्क असाइन केला, असं लोक करतात, आणि कंपनी बचाव करत असेल तर ते कंपनीवर बंधनकारक नाही असं २००२ च्या हॅमिल्टन विरुद्ध मेरीलँड कॅज्युअल्टी मध्ये ठरलं. कंपनीने बचावच नाकारला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे असा प्रामाणिकपणे केलेला निकाल गृहीत धरता येतो. तुमच्याकडे खऱ्या ज्यूरीचा, भांडून झालेला निकाल आहे, त्याच्या आकड्यावर कंपनीला बोट ठेवता येत नाही. तुमचे ह्यूस्टनचे मित्र काही वेगळं सांगत असतील तर ते त्यांच्या राज्याचं आहे, टेक्सासने १९९६ च्या गँडी केसनंतर असल्या असाइनमेंटवर बरीच बंधनं घातली, फ्लोरिडाची पद्धत अजून वेगळी. मित्राने केलं म्हणून तसंच करू नका.

पण एक गोष्ट स्वच्छ बोलली पाहिजे. लिमिटच्या आतली ऑफर नाकारली म्हणजे आपोआप बॅड फेथ झालं असं नाही. नाकारणं गैरवाजवी होतं हे सिद्ध करावं लागतं, २०२१ च्या पिंटो विरुद्ध फार्मर्स मध्ये अपील कोर्टाने हेच ठासून सांगितलं. म्हणून ते मूळ मागणीचं पत्र शोधा, सगळा जीव त्यात आहे. त्यात सगळ्या विमाधारकांना सोडणार असं होतं का? गाडी तुम्हा दोघांच्या नावावर असेल आणि पत्रात फक्त मिस्टरांना सोडणार असं असेल तर कंपनीला नाकारायला सबळ कारण मिळतं. हॉस्पिटलचं लीन कोण फेडणार ते होतं का? कंपनीकडे तेव्हा मेडिकल बिलं पोचली होती का? २०२३ पासून, केस लावायच्या आधी वकिलाने पाठवलेल्या अशा मुदतीच्या मागणीला कायद्याने ठरलेला साचा आहे, ईमेलने किंवा सर्टिफाइड मेलने पाठवली तर निदान ३० दिवस, साध्या टपालाने ३३, आणि कंपनीला नाही म्हणायचं असेल तर मुदतीच्या आत कारणासकट लेखी कळवावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती ऑफर आली होती हे कंपनीने तुम्हाला कळवलं होतं का? तुमच्या लिहिण्यावरून दिसतं की तुम्हाला ते ट्रायलच्या आसपास कळलं. तसं असेल तर ते तारखांसकट आत्ताच लिहून ठेवा, फोन कुणाचा आला, ईमेल कुठला, सगळं.

कंपनीने दिलेला वकील तुमचाही वकील आहे, त्याच्याकडची फाइल मागा, पण कंपनीवर केस करावी का हे त्याला विचारू नका, त्या विषयात तो तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही. स्वतंत्र वकील लागेल, आणि समोरच्या वकिलाने सुचवलेला घेऊ नका.

कोथरूडच्या फ्लॅटचं विचारलंय. अमेरिकन कोर्टाचा निकाल भारतात थेट बजावता येत नाही, कारण सिव्हिल प्रोसिजर कोडच्या ४४-अ कलमाखाली अमेरिका परस्पर मान्यतेच्या देशांत नाही. त्यांना तिकडे त्या निकालावर नवीन दावा लावावा लागेल, तोही निकालापासून ३ वर्षांत, आणि त्याच कोडच्या कलम १३ मधल्या, परदेशी निकाल का मानू नये याच्या, आक्षेपांना तोंड देऊन. पण म्हणून फ्लॅट लपवायचा विचार मनात आणू नका, घाईघाईने सासूबाईंच्या नावावर पण करू नका. इथे शपथेवर मालमत्ता विचारतात तेव्हा भारतातलीही सांगावी लागते आणि तिथे खोटं बोललात तर चांगली चाललेली बाजू हातची जाईल. खरा धोका इथेच आहे, हातात येणाऱ्या पगाराच्या २० टक्क्यांपर्यंत जप्ती, निकालावर वर्षाला १० टक्के व्याज, म्हणजे ८ लाख ४० हजारांवर दर वर्षी ८४ हजार, आणि निकाल १० वर्षं जिवंत, पुढे नूतनीकरण होतं. व्हिसाची भीती लिहिलीय तर, हा दिवाणी निकाल आहे, गुन्हा नाही.

दिवाळखोरीचा विचार करत असाल तर त्याआधी नक्की बोला कुणाशी तरी, कारण ती फाइल केली की कंपनीवरचा हा हक्क पण तुमच्या हातातून दिवाळखोरीत नेमलेल्या ट्रस्टीकडे जातो आणि मग तो कुणाला द्यायचा हे तो ठरवतो.

कंपनीवर केस करायच्या मुदतींचं बघा. कराराच्या अंगाने ४ वर्षं, टॉर्टच्या, म्हणजे करारापलीकडच्या दिवाणी चुकीच्या, अंगाने २ वर्षं, आणि मानसिक त्रासाचे पैसे टॉर्टमधूनच येतात, त्यामुळे तुमच्यासाठी २ वर्षंच खरी समजा आणि निकालाच्या तारखेपासून मोजा, अपील चालू असताना घड्याळ थांबतं असं म्हणता येतं पण त्या भरवशावर बसू नका. अपील करायला निकालाची नोटीस मिळाल्यापासून ६० दिवस असतात, कंपनी अपील करणार आहे का आणि वसुली थांबवायचा बाँड कोण भरणार हे आजच लेखी विचारा.

आणि या आठवड्यात अजून तीन कामं. घराच्या पॉलिसीबरोबर अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे बाकीच्या पॉलिसींच्या लिमिटच्या वरचं जादा कव्हर, घेतली होती का ते तपासा, आयटीतल्या बऱ्याच जणांकडे १० लाख डॉलरची असते आणि विसरलेली असते, असेल तर त्या कंपनीला लगेच कळवा, मग सगळं गणितच बदलतं. दुसरं, सही करायच्या आधी तुमच्या गाडीच्या विमा कंपनीला पत्र लिहा की लिमिटच्या आतली ऑफर तुम्ही नाकारलीत म्हणून पूर्ण निकाल तुम्ही भरा, आणि १५ दिवसांत उत्तर मागा, कधीकधी कंपनी इथेच भरते. आणि समोरच्या वकिलाला तुमच्या नवीन वकिलाकडून ईमेल जाऊ द्या की आम्ही असाइनमेंटला तयार आहोत, मसुद्यात बदल पाठवतो, तोपर्यंत पगारावर आणि घरावर काही करू नका. तो बहुतेक थांबेल, कारण तुमच्या पगारातून थोडेथोडे पैसे वर्षानुवर्षं गोळा करण्यापेक्षा तुमची सही आणि मिस्टरांची खरी साक्ष त्याच्या अशिलाला कितीतरी जास्त उपयोगाची आहे, आणि हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.